तिसरी तार

"चावतो हा," एसाबा म्हणाली.
फ्रिजबद्दल.
ओल्या पायांनी दार उघडलं की कोपरापर्यंत मुंग्या,
आणि आठवडा झाला थंडही करत नाही. नुसता हुं,
मग टक्.
मग गप्प. थोड्या वेळाने पुन्हा हुं.

बंदरावरच्या दोघा मिस्त्र्यांनी सांगून टाकलं होतं,
कॉम्प्रेसर गेला.
सेकोंडीत असंच म्हणतात पटकन.
होडीचं इंजिन गेलं. माणूस गेला.
एग्या क्वान्सा मात्र कुणालाच 'गेला' म्हणत नाहीत
तीन आकडे हाती आल्याशिवाय.

फ्रिज भिंतीपासून ओढला.
प्लग उपसून माझ्या हातात दिला, "सोडायचा नाही."
पाठीमागे काळं मडकं पालथं घालावं तसा कॉम्प्रेसर,
युरोपातल्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात अर्धं आयुष्य काढून
जहाजाने इथे उतरलेला.
कुशीला तीन पिना.

रिले ओढून काढला, कानाशी धरून हलवला.
खुळखुळला,
वाळक्या शेंगेसारखा.
"हे एक," एग्या म्हणाले. "पण हे चावत नाही."

मग मीटर, काट्याचं, काचेला तडा गेलेलं.
वरच्या पिनेपासून डावीपर्यंत नऊ.
वरच्या पिनेपासून उजवीपर्यंत चौदा.
"आता डावी ते उजवी किती यायला हवं?"
बेरजेपायी मी शाळेत छड्या खाल्ल्या होत्या.
तेवीस, मी म्हणाले,
आणि काटा माझ्या शब्दामागून चालत जाऊन
तेविसावर बसला.

मग सुरीच्या टोकाने रंग खरवडून
पत्रा उघडा केला.
मीटरचं एक टोक पिनेला, एक पत्र्याला.
आत्तापर्यंत काटा हलला की जीव होता,
इथे हलला तर संपलंच.
आम्ही तिघं श्वास धरून वाट पाहिली
काहीही न होण्याची.

काही झालं नाही.

"मग चावतं कोण?"

दाराच्या बिजागरीपाशी, आतल्या दिव्याच्या तारेचं आवरण
खाऱ्या वाऱ्याने खाल्लं होतं.
तांबं पत्र्याला टेकलेलं.
"तरी चावायला नको," एग्या पुटपुटले.
"तिसरी तार कुठे मेली?"

ती माझ्याच हातात होती.
प्लगचा स्क्रू ढिला होता, झाकण उघडलं, तर
पिवळी-हिरवी तार आखूड कापलेली,
मागे मुडपून
जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने बांधलेली,
इतकी नेटकी
की चूक म्हणायला जीभ रेटेना.

एसाबा वाकली. बोट लावलं नाही.
"क्वेगीरची गाठ आहे ही.
शेवटी दोरा दोनदा फिरवायचा तो, निसटू नये म्हणून.
जास्तीची तार आहे, म्हणाला होता.
जास्तीचं काही लोंबकळलेलं खपायचं नाही त्याला."
गेल्या हार्मॅटनमध्ये क्वेगीरची होडी
धुक्यातून परत आली होती.
रिकामी.

एग्यांनी पक्कड उचलली, पुन्हा खाली ठेवली.
हीच गाठ कुठल्याशा ओल्या पहाटे
काय करू शकली असती, ते बोलले नाहीत.
माझं तोंड उघडायच्या आत
मलाही डोळ्यांनी दटावलं.
कापली नाही. नखांनी सोडवत बसले,
पाऊण तास,
दोनदा चष्मा पुसून.

दिव्याची तार बदलली. तिसरी तार मातीला भेटवली.
मेलेल्या एका फ्रिजचा रिले या फ्रिजला.
हुं.
आम्ही टक् ची वाट पाहिली.
आला नाही. खोल कुठेतरी
घरघर सुरू झाली, जगण्याची.

एसाबाने दाराला हात लावला,
आधी बोटांच्या पाठीने,
मग सगळा तळवा,
आणि काढलाच नाही बराच वेळ.
दुसऱ्या मुठीत निळा दोरा.

"संध्याकाळपर्यंत बर्फ धरेल,"
हत्यारं गोळा करत एग्या म्हणाले.
"तोवर दार उघडू नकोस."